रेल्वेचं गाणं आणि जिन्यावरचा निरोप: जो दासँच्या कंट्री-फोक प्रयोगाचं एक प्रकरण

अमेरिकेतल्या एका रेल्वेगाडीवरचं गाणं फ्रेंचमध्ये आलं आणि त्यातून गाडीच नाहीशी झाली. डबे गेले, टपालाच्या गोण्या गेल्या, कॅन्काकी स्टेशन गेलं. उरली फक्त चाल. त्या चालीवर आता एक जोडपं शेवटचं म्हणून एकत्र जिना उतरतं. मूळ गाणं अमेरिकन गायक-गीतकार स्टीव्ह गुडमनचं ‘सिटी ऑफ न्यू ऑर्लिन्स’. फ्रेंच गाणं गायक जो दासँचं ‘साल्यु लेझ आमुरो’, 1973 च्या त्याच्या ‘13 नव्या गाण्यां’च्या तबकडीवरचं.

साठ-सत्तरच्या दशकांत फ्रान्समध्ये अमेरिकन आणि इंग्लिश गाण्यांची फ्रेंच रूपं ढिगाने निघाली. त्यातली बरीचशी आज ऐकवत नाहीत: चाल एकीकडे, शब्द दुसरीकडे. दासँचं प्रकरण तपासण्याजोगं आहे, कारण एकाच गायकाने कंट्री (अमेरिकन ग्रामीण ढंगाचं संगीत) आणि फोक रॉकचा (लोकगीत आणि रॉकच्या मिश्रणाचा) माल वेगवेगळ्या तऱ्हांनी फ्रेंचमध्ये आणून पाहिला. कुठली तऱ्हा चालली आणि कुठली अडली हे त्याच्याच तबकड्या शेजारी ठेवून दाखवता येतं.

गायक कोण होता

दासँ जन्माने न्यूयॉर्कचा, 5 नोव्हेंबर 1938. वडील ज्यूल दासँ हे चित्रपट दिग्दर्शक. हॉलिवूडच्या काळ्या यादीत, म्हणजे कम्युनिस्ट ठरवून काम नाकारलेल्यांत, नाव आल्यावर त्यांनी कुटुंबासह युरोप गाठला. मुलगा पुढे शिकायला परत अमेरिकेत गेला, मिशिगन विद्यापीठात, अ‍ॅन आर्बरला. विषय मानववंशशास्त्र, हातात गिटार. अमेरिकन कॉलेजांमध्ये फोक गाण्यांचा बहर होता ते हे दिवस. म्हणजे या संगीताशी त्याची ओळख तबकडीवरून झालेली नव्हती. ते त्याच्या वसतिगृहातलं संगीत होतं. पॅरिसच्या इतर पॉप गायकांना अमेरिका आणावी लागे, याच्याजवळ ती होतीच.

तरी सुरुवातीच्या तबकड्या चालल्या नाहीत. नाव झालं ते हलक्याफुलक्या ‘बिप बिप’ने, आणि त्या गाण्याचा प्रवास बघण्यासारखा आहे. अमेरिकन कंट्रीतला गीतकार जॉन डी. लाउडरमिल्क याचं ‘रोड हॉग’ आधी ब्राझीलला गेलं. तिथला गायक रोबेर्तो कार्लोस याने ते पोर्तुगीजमध्ये गायलं आणि तिथून ते दासँकडे फ्रेंचमध्ये आलं. कंट्री दोन समुद्र ओलांडून आली तोवर तिच्यात मोटारीच्या भोंग्यापलीकडे फारसं काही राहिलं नव्हतं. ‘यू वेअर ऑन माय माइंड’ हे फोक रॉकचं गाणंही त्याने लवकरच फ्रेंचमध्ये गायलं. 1967 चं ‘ले दाल्तों’ तर सरळसरळ विनोदी वेस्टर्न. त्यातले दरोडेखोर भाऊ फ्रेंच वाचकाला ‘लकी ल्यूक’ या चित्रकथेतून आधीच पाठ होते. तेव्हाच्या फ्रेंच श्रोत्याला कंट्री म्हटलं की हे आठवे: टोपी, घोडा, तुरुंग आणि हशा.

पहिला धडा: चार अक्षरं

1970 मध्ये ‘क्रिस्टी’ या इंग्लिश बँडचं ‘येलो रिव्हर’ ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. लढाई संपवून आपल्या नदीकाठी परतणाऱ्या अमेरिकन सैनिकाचं गाणं, लिहिणारा इंग्रज. गीतकार पिएर दलानोए याने त्याचं ‘लामेरीक’ केलं: मित्रांनो, निघालो, मला अमेरिका हवी आहे. घरी परतणारा माणूस घर सोडणारा झाला. इंग्रजाने कल्पिलेली अमेरिका, फ्रेंच माणसाने पाहिलेलं तिचं स्वप्न, आणि गाणारा खराखुरा अमेरिकन. यातला विनोद बहुधा दासँलाच सगळ्यात जास्त कळला असेल.

जमलं कसं, ते ध्रुवपदात दिसतं. ‘येल-लो-रि-व्हर’ ही चार अक्षरं. जोर तिसऱ्यावर, चौथं हलकं. ‘ला-मे-री-क’ हीही चार. वजन तिसऱ्यावर, चौथं हलकं. शिवाय दोन्हीकडे ज्या सुरावर भर आहे तिथे ‘रि’चाच उच्चार आहे. पुढची ओळ इंग्रजीत आठ अक्षरांची, फ्रेंचमध्येही आठच. इतकं बेमालूम बसलेलं गाणं भाषांतर म्हणून कानाला टोचतच नाही.

ते चौथं ‘क’ मराठी माणसाने जरा थांबून पाहावं. फ्रेंच शब्दाच्या शेवटी लिहिलेला ‘ए’ बोलताना गळतो, गाताना मात्र जिवंत होतो. आपल्याकडे तेच. ‘मन’ बोलताना एकच अक्षर ऐकू येतं, ओवी म्हणताना ‘म-न’ अशी दोन होतात, आणि वृत्तात मोजायचीही दोनच. फ्रेंच गीतकाराची निम्मी हातचलाखी या गळणाऱ्या स्वरात आहे. इंग्रजीत जिथे बिनजोराचं अक्षर शेवटी येतं तिथे तो हा अर्धमेला स्वर ठेवतो आणि काम भागतं.

मुख्य प्रकरण: गाडी काढली, चाल ठेवली

गुडमन शिकागोचा. इलिनॉय सेंट्रल रेल्वेची ‘सिटी ऑफ न्यू ऑर्लिन्स’ ही शिकागो ते न्यू ऑर्लिन्स अशी दिवसाची गाडी होती. तिच्यातून बायकोबरोबर प्रवास करताना हे गाणं सुचलं, आणि 1971 मध्ये त्याने ते आपल्या पहिल्या तबकडीवर घेतलं. शिकागोतल्या एका बारमध्ये त्याने ते फोक गायक आर्लो गथ्रीला ऐकवलं. 1972 मध्ये आर्लोच्या आवाजात ते बिलबोर्डच्या, म्हणजे अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या, यादीत अठराव्या क्रमांकापर्यंत चढलं. गाण्यात 15 डबे आहेत, 15 अस्वस्थ उतारू, तीन कंडक्टर, टपालाच्या 25 गोण्या, पत्ते कुटणारे म्हातारे. ते एका मरू घातलेल्या व्यवस्थेचं शोकगीत आहे. 1 मे 1971 ला अमेरिकेतल्या बहुतेक लांब पल्ल्याच्या गाड्या अ‍ॅमट्रॅक या सरकारी प्रवासी रेल्वे कंपनीकडे गेल्या. ही गाडी तर त्याच वर्षी काही काळ नावासकट वेळापत्रकातून गेली.

हे सगळं जसंच्या तसं फ्रेंचमध्ये आणलं असतं तर? डिसेंबर 1972 मध्ये फ्रान्समध्ये टीजीव्हीच्या, म्हणजे तिथल्या अतिवेगवान रेल्वेच्या, पहिल्या नमुना गाडीने ताशी 318 किलोमीटरचा वेग गाठला. ज्या देशात रेल्वे म्हणजे उद्याची गोष्ट, तिथे गाडीच्या मरणाचं रडगाणं कोण ऐकणार? कॅन्काकी हे नाव इलिनॉयमधल्या माणसाला गावाकडचं वाटतं, फ्रेंच माणसाला ते लहान मुलाच्या खेळण्याचं नाव वाटेल.

म्हणून गीतकार क्लोद लमेल आणि दासँची बहीण रिशेल या दोघांनी विषयच बदलला. प्रेम आटलेलं एक जोडपं, वेगळं व्हायची सकाळ. काल बोलायला विषय सापडत नव्हता, आज निघताना लाख गोष्टी आठवतात.

पहिली ओळ जवळून पाहू. इंग्रजीत दहा अक्षरं. फ्रेंच: ‘ले-मा-तँ-स-स्वी-वे-स-र-साँ-ब्ल’. दहाच, आणि दहावं ते गळणाऱ्या स्वराचं. तिसऱ्या ओळीत गुडमनचा शब्द आहे ‘राय-डर्स’, पहिल्यावर जोर, दुसरं खाली पडणारं. फ्रेंच ओळ ‘आँ-साँ-ब्ल’ने संपते, म्हणजे ‘एकत्र’. पुन्हा तेच वजन, तीच पडती. मूळ चार ओळींत यमक जुळतं ते फक्त दुसरी आणि चौथी ओळ यांचं. फ्रेंचमध्ये पहिली-तिसरी जुळते, दुसरी-चौथी जुळते, आणि शेवटी गळणारा स्वर असलेलं यमक व नसलेलं यमक आलटून पालटून येतं. ही फ्रेंच कवितेची जुनी शिस्त. अमेरिकन फोक गाण्याला ती कधीच लागली नव्हती, इथे ती घातली आणि तरी चालीचा एकही सूर हलला नाही.

मधल्या भागात आणखी एक कारागिरी आहे. ‘ताँ’ हा फ्रेंच शब्द हवा-पाण्यालाही वापरतात आणि वेळेलाही. एका ओळीच्या शेवटी तो ‘खराब हवा’ या अर्थाने येतो, म्हणजे बोलायला काही नसलं की काढायचा विषय. तीन ओळींनंतर तोच शब्द ‘इतका थोडा वेळ’ म्हणून. उच्चार तोच, अर्थ निराळा; आपल्या अलंकारशास्त्रात ज्याला काटेकोरपणे यमक म्हणतात ते हेच.

आता सूर. सी हा सा धरला तर कडव्यात सी, जी, ए मायनर आणि एफ या ओळखीच्या कॉर्ड्स (एकत्र वाजणारे सुरांचे गट) फिरतात; मधल्या भागात ई मायनर आणि डी येतात. ध्रुवपद एफ, जी, सी असं उघडतं. खरी जागा तिसऱ्या-चौथ्या ओळीत आहे. तिसरी ओळ सी, जी, ए मायनर करत डी सेव्हन्थवर थांबते, म्हणजे तीव्र मध्यम लागतो. लगेच चौथी ओळ बी फ्लॅटने सुरू होते, म्हणजे कोमल निषाद. तिथून एफ, जी आणि घरी सी. एका श्वासाच्या अंतरात तीव्र मध्यम आणि मागोमाग कोमल निषाद: जमीन क्षणभर सरकते. इंग्रजीत त्या जागी गाडी दिवसभरात पाचशे मैल दूर गेल्याचं सांगते. फ्रेंचमध्ये त्याच जागी शब्द आहे ‘आद्यो’, निरोप. चालीतलं अंतर लमेलने असं माणसांमधल्या अंतरावर नेऊन बसवलं.

गिटारवर नवख्यांची गाडी इथेच घसरते. बी फ्लॅटला पूर्ण आडवं बोट लागतं, म्हणून बरेच जण तिथे एफ किंवा जी वाजवून वेळ मारून नेतात. चूक कानाला थेट कळत नाही, ओळ नुसती सपाट होते आणि ध्रुवपद संपल्याचं समाधान मिळत नाही. बोट पोचत नसेल तर वरच्या चार तारांवर वाजवावं, पण कॉर्ड बदलू नये. अंगठ्याने मंद्र तार आळीपाळीने छेडायची पद्धत असेल तर या ठिकाणी अंगठा पाचव्या तारेच्या पहिल्या पडद्यावरून निघाला पाहिजे.

आणि शीर्षक. इंग्रजी गाण्यात गाडीचं नाव दर ध्रुवपदात येतं. फ्रेंचमध्ये शीर्षकाचे शब्द ध्रुवपदात नाहीतच. दोन कडवी होतात, रोमिओ-ज्युलिएटला आपापल्या पुस्तकांत निवांत झोपायला सांगून होतं, तरी पत्ता नाही. शेवटच्या कडव्याच्या शेवटच्या ओळीत दोघं खाली उतरतात. खालच्या कॅफेची मालकीण त्यांना जाताना बघून रोजच्यासारखंच म्हणणार: ‘साल्यु लेझ आमुरो’. काय हो प्रेमवीर! तिला काही ठाऊक नाही. ‘साल्यु’ भेटतानाही म्हणतात, निघतानाही, अगदी आपल्या ‘रामराम’सारखं. बाईच्या तोंडी तो भेटीचा, श्रोत्याच्या कानी निरोपाचा. मूळ गाण्यातही शेवटी सुप्रभातचं शुभरात्री होतं. शेवटाला वळण द्यायची युक्ती तिथलीच, पण फ्रेंच वळण अधिक बोचरं आहे असं आमचं मत.

ही कामं होतात कशी

अशा रूपांतरात पहिली पायरी परवानगीची: मूळ प्रकाशकाच्या संमतीशिवाय फ्रेंच शब्दांची नोंद होत नाही. मग फ्रेंच गीतकार ज्याला ‘मॉन्स्त्र’, म्हणजे राक्षस, म्हणतात तो तयार होतो: अर्थ नसलेले पण अक्षरसंख्या आणि जोर बरोबर असलेले कामचलाऊ शब्द. आपल्या चित्रपटसंगीतात गीतकाराला ‘मीटर’ देतात, तोच प्रकार. गायक नुसतं तोंडातल्या तोंडात इंग्रजीसारखं काहीतरी पुटपुटत चाल म्हणतो तेव्हा त्याला ‘याऊर्त’, दही, म्हणतात. नंतर लांब सुरांवर खूण करायची. तिथे ‘आ’, ‘ओ’ किंवा ‘आँ’ आला तर दासँसारखा खर्जातला आवाज भरून येतो, आवळलेला ‘यु’ आला तर आवाज बारीक होतो. शेवटी जोर. इंग्रजी वाक्यात जोर कुठेही पडतो, फ्रेंच वाक्यात तो गटाच्या शेवटच्या अक्षराकडे सरकतो. म्हणून चालीतली ठळक जागा आणि शब्दगटाचा शेवट एकत्र आणावे लागतात. हे न केल्यास गायक परदेशी असल्यासारखा वाटतो, मग तो जन्माने पॅरिसचा का असेना.

चालीवर शब्द बेतणं मराठीला नवं नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या नाटकांतली पदं साकी, दिंडी, लावणी अशा तयार चालींवर आहेत आणि जुन्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर ‘चाल:’ असं छापून मूळ पदाचा उल्लेख असे. फ्रेंच तबकडीच्या लेबलावर कंसात मूळ इंग्रजी नाव असे, त्याचा हा भाऊच.

दुसरी वाटही होती. फ्रेंच गायक ह्यूग ओफ्रेने 1965 मध्ये दलानोएबरोबर बॉब डिलनची गाणी आशयासकट फ्रेंचमध्ये आणली आणि अख्खी तबकडी काढली. तिथे शब्द हाच माल होता, तो टाकून चालणार नव्हतं. गुडमनच्या गाण्यात चाल इतकी पक्की आहे की शब्द उपटले तरी ती उभी राहते. हॉलंडमध्ये गेरार्ड कॉक्सने 1973 मध्ये याच चालीवर संपलेल्या उन्हाळ्याचं गाणं केलं, 1975 मध्ये रुडी कारेलने जर्मनमध्ये ‘खराखुरा उन्हाळा पुन्हा कधी येणार’ अशी कुरकुर केली. दोन्ही लोकांच्या तोंडी बसली. गाडी कुणीच घेतली नाही.

‘ब्लू कंट्री’: आवाज आणला तेव्हा

मधल्या काळात दासँ फार मोठा झाला, मुख्यतः 1975 च्या ‘लेते आँद्यँ’मुळे. तेही उसन्या चालीवरचं, पण इटालियन. 1979 मध्ये तो कंट्रीकडे परत वळला आणि या वेळी थेट मुळाशी गेला. ‘ब्लू कंट्री’ या तबकडीसाठी त्याने अमेरिकन गायक-गीतकार टोनी जो व्हाइटला हाताशी धरलं. व्हाइट लुइझियानातल्या ओक ग्रोव्हचा. ‘पोक सॅलड अ‍ॅनी’ आणि ‘रेनी नाइट इन जॉर्जिया’ ही गाणी त्याचीच. अमेरिकेत नाव होण्याआधीच त्याचं ‘सोल फ्रान्सिस्को’ फ्रान्समध्ये चाललं होतं, त्यामुळे निवड आडवाटेची नव्हती. याच टप्प्यात अमेरिकन गायक जिम क्रोचीच्या ‘यू डोन्ट मेस अराउंड विथ जिम’चंही फ्रेंच रूप आलं, दादागिरीचा नायक जिमचा जॉन झाला. फ्रेंचबरोबर इंग्रजी तबकडीही झाली, ‘होम मेड आइस्क्रीम’ नावाने.

वाद्यं अस्सल, गायक तयारीचा. तरी त्यातलं एकही फ्रेंच गाणं ‘साल्यु लेझ आमुरो’सारखं घराघरात गेलं नाही. कारण व्हाइटच्या संगीताच्या घडणीत आहे. गुडमनची चाल लांब पल्ल्याची आणि कॉर्ड भराभर बदलणारी. व्हाइटची गाणी बराच वेळ एकाच कॉर्डवर घुटमळतात. सूर थोडे, आवाका लहान. सगळी मजा ठेक्यात, गिटारच्या वाह-वाह पेडलमध्ये (आवाज उघड-मीट करणारं पायाने दाबायचं यंत्र) आणि दक्षिणी बोलीच्या व्यंजनांत. शब्द म्हणजे तिथे आणखी एक तालवाद्य. जोर ठोक्याच्या आधी-मागे पडतो, आणि फ्रेंच तर जोर शेवटाकडे ढकलणारी. शब्द काढले की चाल म्हणून हातात फारसं उरतच नाही, आणि ठेवावेत तर ते फ्रेंचमध्ये उतरत नाहीत. ‘पोक सॅलड’चंच घ्या: पोक ही रानभाजी, पानं उकळून पाणी फेकलं नाही तर बाधते. अळू खाजू नये म्हणून चिंच घालणाऱ्या मराठी घराला ती एका वाक्यात कळेल, कारण गरिबाच्या ताटातली रानातली पालेभाजी आपल्या ओळखीची आहे. पॅरिसच्या श्रोत्याला त्यासाठी तळटीप लागेल, आणि ठेक्याच्या गाण्यात तळटीप घालायला जागा नसते.

इंग्रजी तबकडी लावली की हा फरक लगेच ऐकू येतो. ‘द गिटार डोन्ट लाय’ गाताना दासँ ओळीच्या मागे रेलून गातो, शब्द उशिरा सोडतो. फ्रेंच गाण्यांत तोच माणूस ओळीच्या शेवटाकडे वेळेवर पोचायच्या घाईत असतो. 20 ऑगस्ट 1980 रोजी ताहितीत, पापीतेला, तो हृदयविकाराने गेला, वयाच्या 41 व्या वर्षी. गुडमन चार वर्षांनी गेला, सप्टेंबर 1984 मध्ये, ल्युकेमियाने. त्याच वर्षी कंट्री गायक विली नेल्सनच्या आवाजात ‘सिटी ऑफ न्यू ऑर्लिन्स’ कंट्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलं. अ‍ॅमट्रॅकने 1981 मध्ये शिकागो-न्यू ऑर्लिन्स गाडीला जुनं नाव परत दिलं होतं, बहुतांशी या गाण्यामुळेच. मात्र आता ती रात्रीची गाडी आहे.